प्रोफेसर डेव्हिड एडवर्ड ह्यूज

शाळेच्या संगणकवर्गात आपण दर आठवड्यास बसता. तेथे जो तो संगणकाच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची, थोरवी गातो. परंतु त्या मेंदूस बोटांनी काही सांगावयाची सोय नसती, त्याने काढलेले उत्तर कागदावर उमटले नसते आणि आपला आवाज ऐकावयास त्यास कान नसता, तर तो मेंदू बंद कपाटातल्या ग्रंथासारखा निरुपयोगी ठरला असता. कळफलक, मुद्रक आणि ध्वनिग्राहक हे संगणकाचे साधे अवयव होत. उल्हासनगरच्या बाजारात ते ढिगांनी मांडलेले असतात आणि बिघडले की दुरुस्त न करता टाकून देण्याइतके स्वस्त झाले आहेत. या तिन्ही अवयवांच्या पूर्वजांची वंशावळ शोधीत गेले असता ज्या एकाच पुरुषाचे नाव पुनःपुन्हा आढळते, तो धंद्याने यंत्रशास्त्रज्ञ नव्हता; तो गायनवादनाचा शिक्षक होता. त्याचे चरित्र येथे संक्षेपाने देण्याचे योजिले आहे.

डेव्हिड ह्यूज यांचा जन्म १८३१ च्या सुमारास एका वेल्श कुटुंबात झाला. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेस असलेला डोंगराळ प्रांत गाण्याकरिता फार प्रसिद्ध आहे. ह्यूजचे घराणेही गाणाऱ्यांचेच होते. बाप स्वतः वादक, आणि मुले बोलू लागली न लागली तोच वाद्यास हात घालीत. डेव्हिड बालवयातच हार्प हे उभे तंतुवाद्य असे वाजवी की मोठमोठ्या सभांतून लोक त्यास ऐकावयास येत. नावाने दावीद आणि हातात वीणा, हा योग शास्त्रपाठाच्या तासास बसणाऱ्या मुलांच्या ध्यानात सहज राहील. मुलगा सुमारे सात वर्षांचा असता हे कुटुंब अमेरिकेस गेले व गावोगाव जलसे करून राहू लागले.

या फिरस्त्या जीवनात डेव्हिडचे शिक्षण झाले तरी कसे, असा प्रश्न कोणासही पडेल. ते झाले खरे, आणि चांगले झाले. कारण १८५० साली, वयाच्या विशीच्या आतबाहेर, केंटकी संस्थानातील बार्ड्सटाउन येथील कॉलेजात त्यांची संगीताचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली व थोड्याच काळात पदार्थविज्ञानाचा वर्गही त्यांच्याकडे आला. सकाळी सूर आणि दुपारी वीज, असा हा दुहेरी अभ्यासक्रम. आजच्या शाळांच्या वेळापत्रकात या दोन विषयांची गाठ पडणे कठीणच. पुढे ह्यूज यांनी जे जे केले त्याचे मूळ मात्र याच गाठीत आहे.

त्या काळी तारायंत्र नवीनच प्रचारात आले होते. मॉर्सच्या पद्धतीत तार पाठविणाऱ्यास टिंबे व रेघा यांची एक निराळीच लिपी शिकावी लागे. घेणाऱ्यासही ती शिकावी लागे, आणि मग तिचे साध्या अक्षरांत रूपांतर करावे लागे. एका बाजूस अक्षराची पट्टी दाबावी आणि शेकडो मैलांवर तेच अक्षर कागदावर आपोआप छापले जावे, ही कल्पना ह्यूज यांच्या आधीच काहींना सुचली होती. हाउस नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १८४६ साली तसे यंत्र केलेही होते. पण ते अवघड व नाजूक होते, आणि एकेका अक्षराकरिता तारेतून विजेचे अनेक धक्के पाठवावे लागत असल्यामुळे लांबच्या मार्गावर त्याचा निभाव लागत नसे. एका अक्षरास विजेचा एकच धक्का पुरेल काय, हा प्रश्न ह्यूज यांनी हाती घेतला.

त्यांना उत्तर सापडले ते शास्त्राच्या वर्गात नव्हे, सुराच्या ज्ञानात. एकाच सुरात लावलेले दोन नादकाटे कितीही दूर ठेवले तरी सेकंदास सारखीच कंपने करितात, हे प्रत्येक वादकास ठाऊक असते. तेव्हा दोन गावी दोन अक्षरचक्रे ठेवावी, आणि प्रत्येकाची गती कंप पावणाऱ्या धातूच्या दांडीने अशी आवरावी की ती बरोबरीने फिरतील. एका चक्रावरचे ‘क’ जेव्हा खाली येईल, त्याच क्षणी दुसऱ्या गावच्या चक्रावरचे ‘क’ही खाली आलेले असेल. मग त्या क्षणी तारेतून विजेचा एक धक्का जाणे एवढेच पुरे. दूरचा लोहचुंबक सुटतो, कागदाची पट्टी फिरत्या चक्रास क्षणभर चिकटते आणि अक्षर उमटते. चक्र थांबवावेही लागत नाही. म्हणजे कोणते अक्षर पाठवावयाचे ते विजेच्या धक्क्यांच्या संख्येवरून ठरत नसून धक्का कोणत्या क्षणी आला यावरून ठरते. ताल चुकला की सर्व चुकले! म्हणूनच ही युक्ती एका वादकाच्या डोक्यातून निघाली, यात मला यत्किंचितही आश्चर्य वाटत नाही.

युक्ती सुचणे निराळे आणि ती चालणे निराळे. नोकरी सोडून ह्यूज केंटकीतील दुसऱ्या गावी गेले व गाण्याच्या शिकवण्यांवर पोट भरून रात्री प्रयोग करू लागले. चक्रे काही केल्या बरोबरीने फिरेनात. दांड्यांच्या कंपनांचा प्रयोग त्यांनी एका म्हाताऱ्या बाईकडून मागून आणलेल्या विणकामाच्या सुयांवर केला, अशी गोष्ट सांगतात. अखेर त्यांनी आणखी एक तोड काढली. प्रत्येक अक्षर छापले जाताना यंत्रातील एक दाता चक्राच्या खाचेत शिरून त्यास किंचित पुढे किंवा मागे सरकवी व झालेली चूक जागच्या जागी सुधारी. चूक मुळीच होऊ नये असा हट्ट सोडून ती प्रत्येक पावलावर सुधारण्याची व्यवस्था केल्याबरोबर यंत्र चालू लागले. हे साल १८५५. पुढच्याच वर्षी त्यांस अमेरिकेत पेटंट मिळाले. आपल्या इकडची तारीख हवी असेल तर त्याच १८५६ साली आगगाडी कल्याणाच्या पुढे बदलापूर-नेरळावरून खोपोलीपर्यंत जाऊ लागली होती.

या यंत्राचे चित्र पाहणाऱ्यास प्रथम ती हार्मोनियमची पेटीच वाटते. पुढल्या बाजूस चौदा पांढऱ्या आणि चौदा काळ्या अशा अठ्ठावीस पट्ट्या. त्यांपैकी दोन कोऱ्या. एक कोरी पट्टी दाबली की पुढील पट्ट्या अक्षरे छापीत, दुसरी दाबली की त्याच पट्ट्या आकडे व चिन्हे छापीत. आपल्या कळफलकावर शिफ्ट नावाची जी कळ आहे, तिच्या कामाशी हे काम किती जुळते पाहा. वरच्या बाजूस अक्षरचक्र, त्याजवळून सरकणारी कागदाची अरुंद पट्टी, आणि खाली यंत्रास गती देणारे अवजड वजन, जे तारमास्तर पायाने वर चढवीत असे. येथील आगत आणि निर्गत, म्हणजे मजकूर आत घालण्याचे व बाहेर काढण्याचे साधन, एकाच मेजावर होते. पाठविणाऱ्याकडेही तोच मजकूर छापला जात असल्यामुळे आपण काय पाठविले हे त्यास लगेच दिसे. आपल्याकडील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तारेच्या कागदावर चिकटविलेल्या छापील अक्षरांच्या पट्ट्या ज्यांनी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांना ह्यूज यांच्या पट्टीची कल्पना सहज येईल.

अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने यंत्र घेतले. ते घेऊन ह्यूज १८५७ साली इंग्लंडात आले, परंतु मायभूमीने त्यांस रिकाम्या हाताने परत पाठविले. फ्रान्सच्या सरकारने मात्र वर्षभर कसून परीक्षा केली, यंत्र पसंत केले, आणि तिसऱ्या नेपोलियन बादशहाने त्यांस मोठा सन्मान दिला. मग इटली, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया अशी एकामागून एक राष्ट्रे आली. व्हिएन्ना येथील १८६८ च्या आंतरराष्ट्रीय तार-परिषदेने राष्ट्राराष्ट्रांमधील मार्गांकरिता हे यंत्र मान्य केले. विसाव्या शतकातही युरोपच्या तारघरांतून ते खडखडत होते. या वीस वर्षांत ह्यूज राजधान्या फिरले, तारमास्तरांस शिकविले, पदके मिळविली आणि श्रीमंत झाले. चरित्राचा हा भाग यशाचा असल्यामुळे त्यावर अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही.

१८७० नंतरच्या दशकात ते लंडनास स्थायिक झाले. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट या रस्त्यावर भाड्याच्या खोल्या, साधे जेवण, आणि मेजावर काड्यापेट्या, लाख, खिळे, कोळशाचे तुकडे, मुलांच्या पैसे साठविण्याच्या पेट्या. हीच त्या लक्षाधीशाची प्रयोगशाळा! काड्यापेट्यांच्या कारखान्याकरिता एके काळी नावाजलेल्या अंबरनाथातील मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे की, ज्या उपकरणांनी जगाचे लक्ष वेधले ती याच वस्तूंची केलेली होती.

बेलने १८७६ साली टेलिफोन शोधून काढला होता. त्यात ऐकण्याचे काम चांगले होई. पण बोलण्याचे काम त्याच यंत्राने केले असता आवाज फारच क्षीण जाई. तार ताणली असता तिचा विद्युत्प्रवाहास होणारा विरोध बदलतो, हे विल्यम टॉमसन यांनी दाखविले होते. मग ध्वनीच्या कंपनांनी ताणलेल्या तारेतील प्रवाह बदलावयास हवा, असे ह्यूज यांस वाटले. त्यांनी घटमाला, तार व टेलिफोन जोडून तार ताणली, तिच्याजवळ बोलले, कान लावून बसले; काही ऐकू येईना. अधिक ताणली. तार तुटली, आणि तुटता तुटता टेलिफोनमध्ये एक खरखर उठली. शंभरांतील नव्याण्णव माणसांनी तार तुटली म्हणून हळहळ केली असती. ह्यूज यांनी तुटलेली दोन टोके एकमेकांस अगदी हलकेच टेकविली. आणि आता बोललेले ऐकू आले.

पुढे त्यांनी दोन खिळे शेजारी ठेवले, त्यांवर तिसरा आडवा नुसता ठेवला, बांधला नाही. तोही बोलू लागला. शेवटी कोळशाची दोन्ही टोकांस निमुळती केलेली कांडी कोळशाच्याच दोन ठोकळ्यांमध्ये सैल उभी केली व ती एका पातळ फळीवर बसविली. या उपकरणाचा कान इतका तिखट झाला की फळीवरून चालणाऱ्या माशीची पावले टेलिफोनात ऐकू येत. कारण असे की, सैल टेकलेल्या दोन पृष्ठभागांवर ध्वनीचा दाब पडला की त्यांचा स्पर्श अधिकउणा होतो. स्पर्श वाढला की प्रवाह वाढतो, कमी झाला की घटतो. अशा रीतीने आवाजाचा सर्व चढउतार प्रवाहात उतरतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ऐन भाषणात कर्णा खरखरू लागला म्हणजे आपण लूज कॉन्टॅक्ट झाला असे म्हणून वैतागतो. तोच सैल स्पर्श ह्यूज यांनी पकडून कामास लाविला. मायक्रोफोन हे नाव व्हीटस्टन यांनी १८२७ साली एका निराळ्याच उपकरणास दिले होते. ह्यूज यांनी ते या यंत्रास दिले आणि तेच आजवर चालू आहे.

१८७८ च्या मे महिन्यात रॉयल सोसायटीपुढे हा शोध वाचला गेला. ह्यूज यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने करावा आणि सुधारावा, म्हणून त्यांनी तो सर्वांस मोकळा केला. तारायंत्रावर एवढे धन मिळविलेल्या माणसास हे परवडले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु धनवान मनुष्य अधिक धन सहसा नाकारीत नाही, हेही आपण रोज पाहतो. सुधारणा करणाऱ्यांत यॉर्कशायरमधील हनिंग्ज नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी त्याच वर्षी कांडीऐवजी कोळशाचे कण भरून अधिक टिकाऊ मायक्रोफोन केला. टेलिफोनमधून कोळशाच्या कणांचे मायक्रोफोन पुढे शंभर वर्षे चालले. आज संगणकास जोडलेल्या मायक्रोफोनात कोळसा नसतो. त्यात पुष्कळदा विजेचा भार कायम धरून ठेवणारा एक पातळ पापुद्रा असतो. ती रचना १९६२ सालची, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेची आहे. काम मात्र तेच. हवेतील कंपने विजेत उतरवावयाची.

या शोधापायी ह्यूज यांस एक कटु प्रसंग सोसावा लागला. एडिसन यांनी १८७७ सालीच कोळशाचे प्रेषक यंत्र केले होते व त्याची हकीकत इंग्लंडातील प्रीस नावाच्या तार-अधिकाऱ्यास ठाऊक होती. प्रीस हे ह्यूज यांचे स्नेही. तेव्हा माझा शोध चोरून नेला, असा आरोप एडिसन यांनी वर्तमानपत्रांतून उघड केला. दोन्ही देशांत मोठे वाग्युद्ध झाले. टॉमसन यांनी मध्ये पडून दोघांसही न्याय देण्याचा यत्न केला. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर दोघे एकाच ठिकाणी निरनिराळ्या वाटांनी पोहोचले. एडिसन यांचे यंत्र आधीचे व व्यवहारास अधिक उपयोगी होते. त्यामागचे तत्त्व मात्र ह्यूज यांनी अधिक स्पष्ट ओळखले आणि खिळ्यांनीसुद्धा ते सिद्ध करून दाखविले. पैसा मागितला नव्हता त्याच कामाबद्दल चोर ठरणे, हे दुःख सौम्य प्रकृतीच्या माणसास किती लागले असेल याची कल्पना करावी.

यापुढील हकीकत या चरित्रातील सर्वांत विलक्षण आहे. १८७९ साली ह्यूज यांनी धातूचा सूक्ष्म अंशही ओळखणारी एक विद्युत्तुला तयार केली. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस १८८१ साली गोळी लागली तेव्हा शरीरातील गोळी शोधण्याकरिता बेल यांनी अशीच तुला नेली होती. पण बिछान्यातील लोखंडी स्प्रिंगांमुळे शोध फसला व अध्यक्ष वाचले नाहीत. तर ही तुला लावीत असता ह्यूज यांच्या ध्यानात असे आले की, एके ठिकाणी विजेची ठिणगी पडली की दूर ठेवलेल्या, तारेने मुळीच न जोडलेल्या मायक्रोफोनच्या टेलिफोनात खट्ट असा आवाज होतो. दुसऱ्या खोलीत नेला तरी होतो. त्यांनी ठिणग्या आपोआप पाडणारे घड्याळासारखे यंत्र घरात लावून ठेविले, टेलिफोन कानाशी धरला आणि ते रस्त्यावर चालू लागले. सुमारे पाचशे यार्डांपर्यंत आवाज येत राहिला. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून एक प्रौढ गृहस्थ कानास डबी लावून इकडून तिकडे फेऱ्या घालीत आहे, हे पाहून येणाराजाणारा हसला असेल. आज आपल्या लोकलगाडीत प्रत्येक उतारू कानात काहीतरी खुपसून बिनतारी गाणे ऐकत बसलेला असतो. त्या सर्वांच्या पुढे, सुमारे दीडशे वर्षे आधी, हा एकटा मनुष्य चालून गेला होता.

२० फेब्रुवारी १८८० रोजी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष स्पॉटिसवुड आणि चिटणीस हक्स्ले व स्टोक्स हे तिघे प्रयोग पाहावयास त्यांच्या खोलीत आले. कित्येक तास प्रयोग चालले, पाहुणे चकित झाले. अखेर स्टोक्स म्हणाले की यात नवे काही नाही. सर्व काही विद्युत्प्रवर्तनाच्या जुन्या नियमाने उलगडते. स्टोक्स हे त्या काळचे फार मोठे गणिती. त्यांच्यापुढे गाण्याच्या शिक्षकाने काय बोलावे? आपणास अधिक बळकट पुरावा मिळेपर्यंत लिहावयाचे नाही, असे ह्यूज यांनी ठरविले, आणि तो लेख त्यांनी लिहिलाच नाही. मॅक्सवेलच्या सिद्धांतातील विद्युल्लहरी १८८७-८८ साली हर्ट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध केल्या. मार्कोनी यांनी १८९६ साली बिनतारी तारायंत्राचे पेटंट मागितले. १८९९ साली बिनतारीचा इतिहास लिहिणारे फाही यांनी पत्र पाठवून चौकशी केली, तेव्हा ह्यूज यांनी वीस वर्षांपूर्वीची ही सर्व हकीकत प्रथमच सविस्तर कळविली. तीत तक्रारीचा सूर नाही, हर्ट्झ आणि मार्कोनी यांची स्तुती आहे.

दोष कोणाचा, हा प्रश्न वर्गात विचारला असता मुले एकजात स्टोक्स यांच्याकडे बोट दाखवितात. मला तसे पुरते वाटत नाही. स्टोक्स चुकले हे खरे, पण चुकीचे मत देण्याचा अधिकार परीक्षकास असतोच. ह्यूज यांनी जे पाहिले ते जसेच्या तसे छापले असते, स्पष्टीकरण मागाहून कोणीही दिले असते, तर लहरींचा शोध आठ वर्षे आधी लोकांपुढे आला असता. ज्या माणसाने मायक्रोफोन उदारपणे जगास दिला, त्याने एका विद्वानाच्या मतास भिऊन हा शोध मेजाच्या खणात ठेवावा, हे मोठे नवल. दोन वर्षांपूर्वीचा चोरीचा आरोप त्यांच्या मनात सलत होता की काय, कोण जाणे.

त्याच १८८० साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १८८५ साली तिचे राजपदक त्यांस मिळाले. मध्यंतरी, १८८२ साली, अ‍ॅना चॅडबोर्न या अमेरिकन चित्रकर्त्रीशी त्यांचा विवाह झाला होता. १८८६ साली तार-अभियंत्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. हयातीच्या अखेरीस त्यांस कंपवाताने ग्रासले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. २२ जानेवारी १९०० रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले व हायगेट येथील स्मशानभूमीत त्यांस पुरण्यात आले.

मृत्युपत्र उघडले तेव्हा साध्या खोल्यांत राहणाऱ्या या गृहस्थाने सुमारे चार लक्ष पौंड लंडनच्या चार रुग्णालयांस ठेविले आहेत, असे दिसून आले. रॉयल सोसायटीसही त्यांनी रक्कम दिली होती. तिच्या व्याजातून १९०२ सालापासून ह्यूज पदक दिले जाते. १९३० साली ते आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांस मिळाले, त्याच वर्षी त्यांस नोबेल पारितोषिकही मिळाले. रामन यांनी प्रकाशाच्या अभ्यासाबरोबर तबला व मृदंग यांच्या नादाचाही शास्त्रीय अभ्यास केला होता.